नोंदी शाळेच्या, प्रश्न घरचा

प्राथमिक शाळेत नोंदींना तोटा नाही. हजेरीपट आहे, पोषण आहाराचं रजिस्टर आहे, मूल्यमापनाच्या वह्या आहेत, सभांची इतिवृत्तं आहेत. शिवाय यू-डायस आणि सरल या सरकारी संकेतस्थळांवर माहिती भरायची, चाचणीचे गुण चॅटबॉटवर चढवायचे, उपक्रमाचे फोटो केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) ग्रुपवर टाकायचे, हे आता अंगवळणी पडलं आहे. एवढं सगळं लिहून होत असताना तिसरीतल्या मुलीच्या आईला विचारावं, "पोरीला आता काय काय येतं?" तर उत्तर बहुधा असं मिळतं : "बरं चाललंय. बाईंनी काही निरोप धाडला नाही." निरोप नाही म्हणजे सगळं ठीक, ही समजूत तिने स्वतःहून करून घेतलेली नाही. शाळेनेच ती वर्षानुवर्षं घडवली आहे.

मूल शाळेत काय शिकतंय, काय करतंय हे घराला कसं कळतं, कळून काय फरक पडतो आणि कुणाला ते अजिबात कळत नाही, याचा हा आढावा आहे. निष्कर्ष आधीच सांगून टाकलेला बरा. शाळेत माहिती भरपूर तयार होते, पण ती वरच्या कार्यालयासाठी. घराच्या वाट्याला तिचा उरलासुरला भाग येतो, तोही उशिरा आणि कार्यालयाच्या भाषेत.

कायदा काय म्हणतो

शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पंचवीस टक्के राखीव प्रवेशामुळे तो घरोघरी माहीत आहे, पण त्यातल्या कलम २४ कडे फारसं कुणी पाहत नाही. शिक्षकांची कर्तव्यं सांगणाऱ्या या कलमात एक कर्तव्य स्पष्ट लिहिलं आहे : पालकांच्या नियमित सभा घ्यायच्या आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, शिकण्यातली प्रगती व इतर संबंधित गोष्टी त्यांना सांगायच्या. म्हणजे वर्ग शिकवणं हे जसं काम, तसंच घराला सांगणं हेही कामच. सवड मिळाली तर करायची गोष्ट म्हणून कायद्याने ते ठेवलेलं नाही.

याच कायद्याच्या कलम २१ ने शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया, अशी रचना ठरली. कागदावर पाहिलं तर घर आणि शाळा यांच्यात यापेक्षा रुंद दार असू शकत नाही.

जुनी परंपरा

पालकांशी बोललं पाहिजे, हा विचार मराठी शिक्षणाला नवा नाही. ताराबाई मोडकांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलं, पुढे मराठी 'शिक्षणपत्रिका' चालवली. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. बालशिक्षण हे जितकं मुलांचं तितकंच आईबापांचं, ही त्या मंडळींची धारणा होती, आणि पत्रिकेचा वाचक शिक्षक होता तसाच पालकही. पुढे १९८७ पासून पुण्यातून निघू लागलेल्या 'पालकनीती' मासिकाने पालकपणाच्या चर्चेला मराठीत हक्काची जागा दिली.

मात्र या परंपरेचा वाचक बहुतेक वेळा शहरी, शिकलेला आणि स्वतः होऊन अंक मागवणारा. गावच्या शाळेत घराला मिळणारी माहिती वर्षातून एकदा यायची, ती १ मेला. सकाळी झेंडावंदन आणि त्यानंतर निकाल. प्रगतिपुस्तकावर 'उत्तीर्ण' किंवा 'नापास' एवढंच पाहायचं, पेढे वाटायचे किंवा पाठीत धपाटा घालायचा. वर्षभरात मूल कुठे अडलं, कशात रमलं, याचा पत्ता कुणाला लागत नसे. लागला तरी वर्ष संपलेलं असे.

प्रगतिपुस्तकाचं काय झालं

महाराष्ट्रात हे बदलण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने झाला. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. पहिली-दुसरीला आकारिक मूल्यमापनाचा भार ७० टक्के आणि संकलित ३० टक्के, तिसरी-चौथीला ६० आणि ४०. आकारिक म्हणजे वर्गात शिकता शिकता होणारं : दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोट्या चाचण्या, स्वाध्याय. संकलित म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेतून होणारं. गुणांच्या जागी अ-१ पासून श्रेणी आल्या आणि जोडीला शिक्षकाने प्रत्येक मुलाबद्दल लिहायच्या वर्णनात्मक नोंदी.

घराला माहिती देण्याच्या दृष्टीने या वर्णनात्मक नोंदी हीच खरी कमाई होती. 'ब-१' वाचून आजीला काही उमजत नाही, पण दोन ओळी वाचून दाखवल्या तर उमजू शकतं. प्रत्यक्षात काय झालं? नोंदींचे तयार संच निघाले. विषयवार, इयत्तावार, शे-दीडशे वाक्यांच्या पीडीएफ हातोहात फिरू लागल्या. 'स्पष्ट उच्चारात प्रकट वाचन करतो.' 'उपक्रमात आनंदाने सहभागी होतो.' 'परिसराविषयी कुतूहल दाखवतो.' ही वाक्यं एका मुलाला लागू पडतात तशीच पन्नास मुलांना. 'करतो'चं 'करते' केलं की नोंद पूर्ण.

दोष केवळ शिक्षकाचा म्हणता येणार नाही. दोन शिक्षकी शाळेत एकेकाकडे दोन-दोन इयत्ता, प्रत्येक मुलाच्या प्रत्येक विषयाला वेगळी नोंद, आणि तपासायला येणारा अधिकारी पाहणार ते रकाना भरलाय की नाही एवढंच. अशा वेळी माणूस रकाना भरतो. त्याच मुलाबद्दल त्या बाईंना तोंडी विचारा, त्या लगेच सांगतील : "सरळ शब्द छान वाचतो हो, पण जोडाक्षर आलं की थांबतो. 'रात्र' आलं की 'रातर' म्हणतो आणि माझ्याकडे बघतो. घरी रोज दुकानांच्या दोन पाट्या वाचायला लावा." कामाची नोंद ही. ती बाईंच्या डोक्यात असते, कागदावर उतरत नाही, कारण तिला कागदावर रकाना नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने या जागी समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली आहे. त्यात शिक्षकाबरोबर मुलाचं स्वतःचं आणि सोबत्यांचं मूल्यमापन आहे, आणि घर व शाळा यांना जोडणारा दुवा म्हणून या पत्रकाकडे पाहिलं आहे. कल्पना उत्तम आहे. पण २०१० ची कल्पनाही उत्तमच होती. रकाने वाढले आणि वेळ तेवढाच राहिला, तर याही पत्रकाच्या तयार पीडीएफ निघायला फार दिवस लागणार नाहीत.

सभा : सही आणि संवाद

दुसरी वाट सभेची. शाळा व्यवस्थापन समिती, माता-पालक संघ, पालक-शिक्षक संघ अशा समित्यांची उतरंड प्रत्येक शाळेत असते. सभेची नोटीस निघते, रजिस्टर फिरतं, सह्या होतात. विषयपत्रिकेवर गणवेश, पोषण आहार, शौचालयाची दुरुस्ती, संरक्षक भिंत. महत्त्वाचे विषय आहेत यात शंका नाही, पण मुलं काय शिकतायत हा विषय 'आयत्या वेळच्या विषयां'तही क्वचितच येतो. खासगी विनाअनुदानित शाळांत वेगळी गत. २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीकडे फीला मंजुरी देण्याचं काम आलं, त्यामुळे तिथे संघ म्हणजे फी असं समीकरण होऊन बसलं.

वेळेचा मुद्दा त्याहून साधा आहे. सकाळी अकराची सभा म्हणजे रोजावर जाणाऱ्या बाईचा दिवस बुडाला. सोयाबीन काढणीच्या दिवसांत तर कुणाचंच पाऊल शाळेकडे वळत नाही. मग शाळा म्हणते, पालक उदासीन आहेत. पालक म्हणतात, गेलं तरी सह्याच घेतात.

तालुक्याच्या इंग्रजी शाळेत पालक-शिक्षक भेटीचा शनिवार असतो. एका मुलाच्या वाट्याला चार-पाच मिनिटं. बाई इंग्रजीत सुरुवात करतात, समोरची आई मान डोलावते आणि मराठीत एकच विचारते : "दंगा करतो का हो?" शिकण्याबद्दल विचारायला तिच्याकडे शब्द नाहीत असं नाही. विचारायचं असतं आणि विचारलेलं चालतं, हे तिला कुणी सांगितलेलं नाही.

मोबाइल आला, पुढे काय?

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे शाळा बंद झाल्या आणि घर-शाळेचं नातं एका झटक्यात मोबाइलवर आलं. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने व्हॉट्सअॅपवरून रोजची अभ्यासमाला पाठवली. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे जिल्हा परिषद शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तो पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याच्या त्यांच्या कामामुळे गाजला. सोलापूर शहरातल्या नीलमनगर भागात तर शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवले. ज्या घरात स्मार्टफोन नव्हता, त्या घरालाही जाता-येता कळू लागलं की मुलं सध्या काय शिकतायत.

शाळा उघडल्या, ग्रुप मात्र राहिले. आज पहिलीच्या वर्गाचा ग्रुप उघडून पाहावा. सकाळी सुविचार आणि पाच-सहा हात जोडलेले. मग 'उद्या आधार कार्डाची झेरॉक्स आणणे.' मग वृक्षारोपणाचे सतरा फोटो, त्यातल्या चौदांत पाहुणे. मग कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. संध्याकाळी 'गृहपाठ काय आहे?' आणि त्याखाली चार वेगवेगळी उत्तरं. दिवसभरात चाळीस संदेश येतात, आणि आज वर्गात काय शिकवलं हे त्यातल्या एकातही नसतं.

उपक्रमाच्या फोटोंबद्दल तर दोन शब्द जास्तच सांगायला हवेत. बाजार भरवला, बी रुजत घातली, पावसाचं पाणी मोजलं, असे उपक्रम प्राथमिक शाळेचा जीव आहेत. फोटोत दिसतो टोपलीत भाजी घेऊन बसलेला मुलगा. बाल आनंद मेळाव्यातल्या त्या बाजारात त्याने वीस रुपयांतून साडेबारा वजा करून सुटे परत दिले, हे फोटोत दिसत नाही. फोटोखाली ती एक ओळ असती, तर घरी बापाने बाजाराला जाताना पोराला सोबत नेलं असतं. त्या ओळीवाचून उपक्रम घरच्यांना गंमत वाटतो किंवा वेळेचा अपव्यय.

फोटोंना दुसरीही बाजू आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी, असा त्याचा रोख आहे. वर्गाच्या ग्रुपवर टाकलेला फोटो पुढे कुणाच्या स्टेटसवर आणि कुठल्या पानावर जातो, यावर शाळेचा ताबा नसतो. घराला माहिती देणं आणि मुलाचं प्रदर्शन मांडणं यांतलं अंतर शाळांनी आता ओळखायला हवं. आणि फोन कुणाच्या हातात असतो, हेही. अनेक घरांत एकच फोन, तो बापाबरोबर कामावर जातो, आणि मुलाचा अभ्यास बघते आई किंवा आजी.

सांगून फरक पडतो का?

या प्रश्नावर चांगलं संशोधन झालं आहे, आणि त्याची उत्तरं एका सुरातली नाहीत.

उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ग्राम शिक्षण समिती गावात आहे हे बहुतेक पालकांना माहीतच नव्हतं, आणि काही सदस्यांना आपण सदस्य असल्याचीही कल्पना नव्हती. काही गावांत लोकांना समितीची माहिती दिली. काही गावांत त्यापुढे जाऊन मुलांचं वाचन तपासायचं साधं साधन लोकांच्या हाती दिलं आणि गावाचं प्रगतिपत्रक बनवलं. सरकारी शाळांवर दोन्हींचा परिणाम झाला नाही. तिसऱ्या गटात गावातल्या तरुणांना वाचन शिकवायचं कसं हे दाखवलं. त्यांनी वर्ग चालवले आणि तिथे येणाऱ्या मुलांचं वाचन सुधारलं.

पाकिस्तानातल्या पंजाबात ताहिर अंद्राबी, जिष्णू दास आणि असीम ख्वाजा यांनी ११२ गावांत वेगळा प्रयोग केला. निम्म्या गावांत प्रत्येक घराला आपल्या मुलाचे आणि गावातल्या सगळ्या शाळांचे चाचणीतले गुण दिले. तिथे मुलांचं शिकणं सुधारलं आणि खासगी शाळांची फी सरासरी १७ टक्क्यांनी उतरली. मलावीत रिबेका डायझन-रॉस यांना आढळलं की मुलाला किती येतं याबद्दल पालकांचा अंदाज बराच चुकतो, कमी शिकलेल्या पालकांचा जास्त. खरी स्थिती समजावून सांगितल्यावर त्यांनी मुलाच्या पातळीला जुळणारी पुस्तकं निवडली.

तिन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की चित्र स्पष्ट होतं. पंजाबातल्या पालकासमोर दुसऱ्या शाळेचा पर्याय होता, मलावीतल्या पालकासमोर पुस्तक निवडण्याचा. जौनपूरच्या पहिल्या दोन गटांतल्या पालकाला 'तुमच्या मुलाला वाचता येत नाही' एवढं कळलं, पण त्यावर करायचं काय, हे हाती आलं नाही. ज्या माहितीपाशी पुढची कृती नाही, ती घरात नुसती काळजी वाढवते.

माहिती कुणासमोर तयार होते, हेही महत्त्वाचं. 'असर' या शिक्षणाच्या स्थितीच्या पाहण्या २००५ पासून मुलाच्या घरीच होतात, आणि मुलाचं वाचन घरच्यांच्या डोळ्यांदेखत तपासलं जातं. आपल्याकडच्या चावडी वाचनाचा गाभाही तोच : मुलांनी गावासमोर वाचायचं. चांगलं झालं तर शाळेचा आणि गावाचा उत्साह वाढतो. पण अडखळणाऱ्या मुलाला चारचौघांत उभं केलं तर माहितीची जागा नाचक्की घेते. त्या मुलाचं वाचन घरच्यांनी ऐकावं, गावाने नव्हे.

आयडिया कार्डाची युक्ती

पुढची कृती हातात देणारा एक प्रयोग महाराष्ट्रातच झाला. २०२२ पासून 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारी अभियानात पहिलीला येणाऱ्या मुलांचे मेळावे भरू लागले. शारीरिक, बौद्धिक, सामाजिक-भावनिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी अशी टेबलं मांडलेली. मूल एकेका टेबलावर जातं, काही करून दाखवतं, आणि आई शेजारी उभी राहून पाहते. विकासपत्रावर खुणा होतात आणि ते पत्र आईकडे जातं. मग वस्तीतल्या मातांचे गट होतात. त्यांना आठवड्याला घरी करायच्या छोट्या कृतींची आयडिया कार्डं मिळतात : डाळ-तांदूळ वेगळे करा, भांडी लहान-मोठी लावा, गोष्ट सांगून प्रश्न विचारा. जूनमध्ये शाळा उघडताना दुसरा मेळावा होतो आणि आईला फरक स्वतःच दिसतो.

इथे तीन गोष्टी जुळून आल्या. माहिती आईसमोर तयार झाली. ती आईच्या भाषेत होती. आणि तिच्यासोबत दोन हातांना काम होतं. पुढे पायाभूत वाचन-गणिताच्या 'निपुण भारत' अभियानाच्या ओघात माता गट पहिलीच्या पलीकडे नेण्याचे प्रयत्न झाले. जिथे शिक्षक वस्तीत जाऊन बसतात तिथे गट चालतात. जिथे गट म्हणजे आणखी एक व्हॉट्सअॅप ग्रुप आणि आणखी एक लिंक, तिथे ते कागदावर उरतात.

सुटून जाणारी घरं

या सगळ्या वाटा काही घरांच्या दारापर्यंत पोचतच नाहीत. दिवाळीच्या आगेमागे बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतली कुटुंबं ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्याच्या तोंडी परततात. मूल सोबत गेलं तर शिक्षण हमी कार्डावर नव्या गावच्या शाळेत बसावं अशी सोय आहे. मागे राहिलं तर हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ. फडावर असलेल्या आईबापांना रात्री साडेआठला दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज हीच सभा. काही शिक्षक तो न चुकता पाठवतात, आणि शासनाच्या कुठल्याही नमुन्यात त्याला जागा नाही.

मेळघाटातल्या कोरकू घरात किंवा सातपुड्यातल्या पावरी घरात मराठी प्रगतिपुस्तक ही आधीच परक्या भाषेतली वस्तू. मुंबई महापालिका आठ माध्यमांत शाळा चालवते, तरी वस्तीतल्या सगळ्या घरभाषा त्यात बसत नाहीत. इंग्रजी माध्यमाची डायरी तर मराठी घरातही वाचली जात नाही. आई 'पॅरेंट्स सिग्नेचर'च्या रेघेवर सही करते, कारण मुलानेच बोट दाखवलेलं असतं.

उलट दिशेची वाट

आतापर्यंतचं सगळं शाळेकडून घराकडे. उलट दिशेला काय जातं? रजेचा अर्ज आणि तक्रार. जपानच्या प्राथमिक शाळांत रेनराकुचो नावाची वही मुलाच्या दप्तरातून रोज घर आणि शाळा अशी ये-जा करते. उद्या काय आणायचं हे मूल तिच्यात लिहितं, शिक्षकांचा निरोप असतो, आणि घरचेही लिहितात. वर्गशिक्षक वर्गाचं छोटं वार्तापत्र काढतात, आणि ठरलेल्या दिवशी पालक मागे उभे राहून चालू तास पाहतात. आपल्याकडची शालेय डायरी तीच वस्तू आहे, फक्त तिच्यात वाहतूक एकेरी आहे.

घराकडे शाळेला देण्यासारखं पुष्कळ असतं. वर्गात तोंड न उघडणारी मुलगी घरी धाकट्याला शाळा-शाळा शिकवते, हे आईला माहीत असतं, बाईंना नसतं. उदाहरण सोडवताना अडणारा मुलगा दुधाच्या डेअरीवर लिटर-फॅटचा हिशेब तोंडी करतो, हे बापाला माहीत असतं. गृहभेटीत हे कळतं. पण गृहभेट बहुधा पटनोंदणीच्या किंवा गैरहजेरीच्या कामी होते, आणि शिक्षक दारात दिसले की घरचे मुलाकडे रागाने बघतात. एखादी भेट कसलंही कारण नसताना, फक्त मुलाचं कौतुक सांगायला झाली, तर पुढच्या दहा निरोपांचा रस्ता मोकळा होतो.

वेळ कुठून आणायचा?

शिक्षकाचा वेळ हा यातला खरा अडसर आहे, आणि त्याकडे डोळेझाक करून दिलेला कुठलाही सल्ला फुकट. कायद्याच्या प्रमाणानुसार प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक. रोज दोनच मुलांबद्दल दोन ओळी लिहायच्या किंवा बोलायच्या ठरवल्या, तर पंधरा शालेय दिवसांत वर्ग पूर्ण होतो. म्हणजे प्रत्येक घराला साधारण तीन आठवड्यांनी एक निरोप : मुलाला आता काय येतं, कुठे अडतंय, घरी काय करता येईल. सही-शिक्क्याविना, घरच्या बोलीत, वाचता येत नसेल तर आवाजात. वर्गाच्या ग्रुपवर आठवड्याला एकच संदेश, या आठवड्यात काय शिकलो आणि कुठला उपक्रम कशासाठी केला याचा. बाकीच्या सूचनांसाठी वेगळा ग्रुप.

हे दोन-तीन निरोप लिहायचे तर तेवढं दुसरं काहीतरी लिहिणं थांबलं पाहिजे. आज शिक्षकाला उपक्रमाचा अहवाल केंद्राला द्यावा लागतो, घराला नाही दिला तर कुणी विचारत नाही. म्हणून अहवाल लिहिला जातो आणि घर राहून जातं. शाळा भेटीला येणाऱ्या विस्तार अधिकाऱ्याने सभेचं इतिवृत्त मागण्याऐवजी वस्तीतल्या कुठल्याही चार घरांत जावं आणि विचारावं : तुमच्या मुलाला सध्या काय येतं, आणि पुढे काय शिकायचंय? तिथे नेमकं उत्तर मिळालं, तर त्या शाळेच्या वर्णनात्मक नोंदी कोऱ्या असल्या तरी तिने कलम २४ पाळलं आहे. उत्तर मिळालं नाही, तर तिच्या भरलेल्या नोंदवह्या दाखवायच्या कुणाला, हा प्रश्न त्या अधिकाऱ्याने शाळेला आणि आपल्या कार्यालयालाही विचारावा.